कन्नड घाट – गौताळा – नागद : वडिलांना मागे बसवून एका दिवसात होईल का?

गिरणाथडी

नमस्कार मंडळी. मी पाचोऱ्याची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. १२५ सीसीची साधी मोटारसायकल आहे. रोज शाळेला जाऊन-येऊन हात बसलेला आहे, पण घाटात दोन सीट कधी चालवलेली नाही.

आमचे अप्पा एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा मोठा काळ चाळीसगाव डेपोत गेला, त्यातही औरंगाबादच्या फेऱ्यांवर. म्हणजे कन्नड घाट त्यांनी आयुष्यभर चढला-उतरला. पण परवा सहज म्हणाले, "चाळीसगावला गाडी भरायची, घाट लागेपर्यंत तिकिटं फाडणं चालू, घाटात हिशेब जुळवणं चालू. बाहेर काय आहे ते आम्ही कधी बघितलं?" तेव्हापासून डोक्यात बसलंय की त्यांना त्याच रस्त्याने घेऊन जायचं. या खेपेला कुठेही थांबायचं, कितीही वेळ थांबायचं.

पोळा झाल्यावर आणि नवरात्र लागायच्या आत एक दिवस काढते आहे. पहाटे निघून दिवे लागायच्या सुमारास घरी पोहोचायचं आहे. अप्पांचा डावा गुडघा दुखतो. सपाट रस्त्याने चालतात, पण पायऱ्या त्रासाच्या. तासाभराहून जास्त एका बैठकीत गाडीवर बसवत नाही.

ऐकीव माहिती अशी की कन्नड घाट चढून गौताळा अभयारण्यातून नागदकडे उतरता येतं. तो रस्ता दोन सीटला कसा आहे? पाटणादेवी आणि पितळखोरा दोन्ही त्याच दिवशी होतील का? आणि रस्त्यात बाई माणूस आणि म्हातारं माणूस असे दोघंच असताना काही अडचण येण्यासारखं आहे का, तेही मोकळेपणाने सांगा. दुसरा कुठला डोंगर याहून सोयीचा असेल तर तोही सुचवा.

सातपुडा_शहादा

ताई, आधी आमच्या तोरणमाळचं नाव घेतो, कारण सातपुडा पाहिल्याशिवाय खानदेशातला डोंगर पाहिला असं मी तरी म्हणणार नाही. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत वर गेलं की सातपायरी घाट लागतो. एकाखाली एक वळणं अशी रचलेली आहेत की वरच्या वळणावर उभं राहून आपण आलेला अख्खा रस्ता दिसतो. वर यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचं देऊळ. अकराशे मीटरहून जास्त उंची आहे, त्यामुळे सप्टेंबरात दुपारीसुद्धा अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं.

पण तुमच्यासाठी खरं सांगायचं तर पाचोऱ्याहून हे एका दिवसाचं काम नाही. शहाद्यालाच तुमची अर्धी सकाळ जाईल आणि अप्पांचा गुडघा तिथेच बोलायला लागेल. तोरणमाळला मुक्कामाने या. डिसेंबरात या, थंडी बघायला.

केळीबाग_सावदा

पालचा विचार करा. रावेर तालुक्यात, यावल अभयारण्याच्या कुशीत. सावद्यापर्यंत दोन्ही बाजूंनी केळीचे बाग, मग हळूहळू डोंगर. चढण सौम्य आहे, अंजन आणि सागाचं जंगल आहे, सुकी नदीवरचं धरण आहे. गुडघ्याला त्रास काहीच नाही. अंतर मात्र तुम्हाला जास्त पडेल. आणि अप्पांच्या मनात कन्नडचा घाट असेल तर पालने ती हौस भागणार नाही, हेही समजतं.

ठिबकवाला_चाळीसगाव

ताई, वरच्या दोन्ही दादांचं बरोबर आहे, पण तुम्ही कन्नडच करा. अप्पांनी ज्या रस्त्यावर नोकरी केली तोच रस्ता त्यांना दाखवायचा आहे ना, मग बाकी विचार कशाला. मी चाळीसगावचा. ठिबक बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. डोंगराच्या पायथ्याची पाटणा, बोढरे, नागद ही सगळी गावं माझ्या फिरतीतली. गाडीवर लॅटरलची, म्हणजे ठिबकच्या नळ्यांची, वेटोळी बांधून हे रस्ते मी सगळ्या ऋतूंत चालवले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट : चढायला कन्नडचा घाट, उतरायला नागदचा. हे उलटं करू नका. कन्नडचा घाट म्हणजे हायवे आहे, रुंद आहे, सकाळी मोकळा असतो. नव्याने दोन सीट घाट चढवणाऱ्याला तोच बरा. नागदचा रस्ता अरुंद, जंगलातला. तो दुपारी, हात मोकळा झाल्यावर, उतरताना घ्यायचा. शिवाय नागदला उतरलात की चाळीसगावला परत यायची गरजच नाही. नागदहून कजगावला निघा, तिथून भडगाव आणि घर. थकल्यावरचा रस्ता जेवढा कमी तेवढा बरा.

पाचोरा ते चाळीसगाव पन्नासेक किलोमीटर. भडगावला चहाला थांबा, अप्पांचे पाय मोकळे होतील. सहाला निघालात तर साडेसातपर्यंत चाळीसगाव. टाकी तिथे भरून घ्या, कारण कन्नड सोडल्यावर जंगलात पंप नाही. हवा पण तिथेच बघा. दोघं बसणार असाल तर मागच्या चाकात दोघांची हवा लागते. ती किती ते गाडीच्या पुस्तकात असतं, बऱ्याच गाड्यांवर चेनच्या कव्हरला पण चिकटवलेलं असतं. हवा कमी असली की वळणावर गाडीची शेपटी हलते आणि नवख्याला वाटतं रस्ताच खराब आहे. चेन सैल असेल तर आदल्या दिवशी ओढून घ्या. मागच्या ब्रेकचं लायनर किती उरलंय ते पण त्याच वेळी मेकॅनिकला विचारा. बाकी गाडीचं काही करू नका, १२५ भरपूर झाली.

आता पाटणा की पितळखोरा. ताई, दोन्ही नको. पितळखोऱ्याची लेणी अप्रतिम आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी आहेत, पण ती दरीच्या कडेखाली आहेत. वरून उतरत जायचं आणि येताना तेवढंच चढायचं. अप्पांच्या गुडघ्याला ते झेपणार नाही. तिथे एकट्या जा कधीतरी, मैत्रिणींना घेऊन.

पाटणादेवी मात्र चुकवू नका. चाळीसगावपासून अठराएक किलोमीटर, रस्ता शेवटपर्यंत सपाट. तिन्ही बाजूंनी डोंगर जवळ जवळ येत जातात आणि मग रस्ता संपतो, तिथे देवी. पावसाळ्यानंतर डोंगरी नदीला पाणी असतं. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून खास सांगतो, हे आपल्या गणिती भास्कराचार्यांचं गाव मानतात. त्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी, त्याने इथे मठ काढला. कशासाठी, तर आजोबांचे ग्रंथ शिकवायला. त्या मठाला इथल्या निकुंभ घराण्याने उत्पन्न लावून दिलं. हे सगळं देवीच्या देवळातल्या शिलालेखात आहे, इसवी सन १२०७ चा. वरचा भाग संस्कृत आहे आणि शेवटी दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. आपल्या तालुक्यात आठशे वर्षांपूर्वी गणित शिकवायची शाळा होती आणि तिचा खर्च बाजारात येणाऱ्या मालावरच्या करातून चालत होता. मला हे फार मोठं वाटतं. शाळेतल्या पोरांना दाखवायला फोटो काढून न्या.

महादेवाचं दगडी देऊळ पण तिथेच झाडीत आहे, यादवांच्या काळातलं. अप्पांना तिथे सावलीत बसवा. वानरं जवळ येतील, त्यांना काही खायला देऊ नका. हातातली पिशवी ओढतात.

नऊपर्यंत पाटणा सोडा. परत येऊन कन्नडच्या हायवेला लागा. पायथ्यापासून वरपर्यंत दहा-अकरा किलोमीटरचा घाट आहे. अप्पांच्या वेळी ट्रकांची रांग लागायची, एक बंद पडला की अख्खा घाट अडकायचा, त्यांना विचारा, ते सांगतील. आता हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने २०२३ च्या ऑगस्टपासून जड मालवाहू गाड्यांना घाट बंद आहे. त्यामुळे दुचाकीवाल्याला श्वास घेता येतो. दगड मात्र अजूनही येतात. ३१ ऑगस्ट २०२१ ला ढगफुटीसारखा पाऊस झाला तेव्हा घाटात दरडी कोसळून गाड्या अडकल्या होत्या आणि खाली चाळीसगावात डोंगरी आणि तितूरचं पाणी घुसलं होतं. ते पाणी आम्ही दारात पाहिलेलं आहे. म्हणून एकच अट : आदल्या रात्री जोरात पाऊस असेल तर बेत पुढे ढकला.

घाटात फोटोसाठी वळणावर उभं राहायचं नाही. दोन वळणांच्या मध्ये जिथे कठड्याला लागून रुंद साइडपट्टी आहे तिथे थांबा. अर्ध्या घाटाच्या वर अशी जागा आहे जिथून आपला सगळा मुलूख दिसतो. सप्टेंबरात कपाशी आणि मका उभा असतो, त्यात मधे मधे केळीचे गडद चौकोन, आणि पावसाने धुतलेली हवा असेल तर फार लांबपर्यंत नजर जाते. अप्पांना तिथे उतरवा आणि गाडी बंद करा. घाई करू नका.

वर पोहोचलात की हवा बदलते. खाली चाळीसगाव साडेतीनशे मीटरच्या आसपास, वर कन्नड सहाशेच्या वर. आकडा लहान वाटतो, पण सदऱ्याच्या बाहीला कळतो. आणि एक गंमत अप्पांना सांगा : घाटमाथ्याच्या या अंगाला पडलेला पाऊस तितूरने गिरणेत, गिरणेतून तापीत आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात जातो. त्या अंगाला पडलेला शिवनेतून नाहीतर पूर्णेतून गोदावरीत आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात. दोन थेंबांमध्ये हाताचं अंतर असतं.

कन्नडला जेवून घ्या. बारा-साडेबाराला अभयारण्याच्या हिवरखेड्याच्या गेटवर पोहोचा. तिथे नोंद करतात, प्रवेशाचे पैसे घेतात, पावती जपून ठेवा. आता इथून पुढे नागदपर्यंतचा तीसेक किलोमीटरचा टप्पा, ज्यासाठी हा सगळा फेरा करायचा.

गौताळा औट्रमघाट अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालं, क्षेत्र २६० चौरस किलोमीटर. कागदावर एवढंच. पण ताई, या रस्त्यावर तीस-पस्तीसच्या वर गाडी नेऊ नका. धोका आहे म्हणून सांगतोय असं नाही, त्या वेगाला काहीच दिसत नाही म्हणून सांगतोय. लोक इथे येतात, अर्ध्या तासात पार करतात आणि म्हणतात नुसती झाडंच आहेत. थांबायला लागतं. हॉर्न वाजवू नका, अगदी वळणावर वाजवावा लागला तर एकदाच.

सप्टेंबरात सागाला पांढरे तुरे असतात. त्याच वेळी बरीच पानं जाळी झालेली दिसतील. अळी हिरवं तेवढं खाते आणि शिरा शिल्लक ठेवते. उन्हाकडे धरलं की पान बारीक विणलेल्या चाळणीसारखं दिसतं. लोकांना वाटतं झाड मेलं, पण झाडाला काही होत नाही. कोवळं पान मिळालं तर दोन बोटांत चुरगाळून बघा, बोटं लालभडक होतात. पान खाली पडलेलं घ्या, अभयारण्य आहे, तोडायचं नाही. सालईची साल कागदासारखी सुटते, तीही बघण्यासारखी. सीताफळाची झुडपं रस्त्याला लागूनच आहेत, पण फळ तयार व्हायला तुम्हाला थोडा उशीर करावा लागेल.

गौताळा तलावाजवळ थांबा. अप्पांना बसायला सपाट जागा आहे. बिबट्या आणि अस्वल या जंगलात आहेत, पण भर दुपारी रस्त्यावर ते तुम्हाला भेटणार नाहीत. नीलगाय, मोर दिसू शकतात. २०२१ ला तर यवतमाळकडच्या टिपेश्वरहून एक वाघ तीनशेहून जास्त किलोमीटर चालत इथे आला. शेतं, हायवे, गावं सगळं ओलांडून. कॅमेऱ्यात फोटो आला तेव्हा आमच्या पायथ्याच्या गावांत दुसरा विषय नव्हता. त्या वाघाने ही जागा निवडली म्हणजे जंगलात अजून दम आहे, असं मी मानतो. म्हणून इथे प्लास्टिकची पिशवी टाकताना कोणाला पाहिलं की माझ्याच्याने गप्प बसवत नाही. तुम्ही तुमच्यासोबत एक रिकामी पिशवी ठेवा, कचरा परत खाली आणा.

अडीच-तीनला नागदच्या उताराला लागा. उतार कसा घ्यायचा ते विचाराल तर वेगळं लिहितो, इथे फार लांबलं.

गिरणाथडी

दादा, फार फार आभार. अप्पांना सगळं वाचून दाखवलं. ट्रकांच्या रांगेचं वाचल्यावर त्यांनी एक रात्र घाटात काढल्याची गोष्ट सांगितली. गाडीतल्या एका बाईकडे लेकीसाठी नेलेले लाडू होते, ते तिने सगळ्या गाडीला वाटले होते. आम्ही घरात ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली.

उताराचं नक्की लिहा. आणि अप्पा विचारतात, नागदला उतरल्यावर वस्तीवर माणसं आहेत ना? मोबाइलला रेंज मिळते का?

ठिबकवाला_चाळीसगाव

लाडवांची गोष्ट वाचून बरं वाटलं. अप्पांना घाटात प्रत्येक वळणाला विचारत जा, अशा अजून निघतील.

उताराचं सांगतो. गाडी न्यूट्रल करून, पेट्रोल वाचवायला म्हणून कधीही सोडायची नाही. उताराला लागण्याआधीच दुसरा गियर टाकायचा आणि ॲक्सिलरेटर सोडून द्यायचा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. त्याचा आवाज थोडा वाढतो, घाबरू नका, इंजिनला काही होत नाही. ब्रेकवर पाय ठेवून अख्खा घाट उतरलं की ड्रम तापतो, लायनर तापतं, आणि नेमकं खालच्या वळणावर ब्रेक दाबला तर लागत नाही. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, पुढचा-मागचा मिळून दाबायचा आणि सोडायचा. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक नको, तिथे बारीक वाळू आणि ओला पालापाचोळा असतो. आणि आपली बाजू सोडायची नाही. समोरून जीप आली तर तिला पूर्ण जाऊ द्या, थांबलात तरी चालेल.

मागे बसणाऱ्यालाही काम आहे. उतारावर वजन पुढे सरकतं आणि सगळा भार चालवणाऱ्याच्या मनगटावर येतो. अप्पांना सांगा, एका हाताने मागचा कॅरिअर धरायचा आणि वळणावर तुमच्याबरोबरच कलायचं, उलट्या बाजूला नाही. गुडघ्यासाठी दर अर्ध्या तासाला उतरवा. सीटवर घडी घातलेली गोधडी टाकून दोरीने बांधलीत तर त्यांना खूप फरक पडेल. आमची फिरतीवरची सगळी माणसं असंच करतात.

रेंज जंगलात जाते, उतरताना परत येते. घरी आधीच सांगून ठेवा की बारा ते चार फोन लागणार नाही, म्हणजे कोणी काळजी करणार नाही.

माणसांचं म्हणाल तर खाली उतरल्यावर वस्त्या आहेत, शेतं आहेत. मी कामाला जातो तिथे एक आजी आहेत. कोणीही गाडी थांबवली की त्या ओट्यावरूनच विचारतात, "कथाईन उनात भो? बठा, पानी पी ल्या." म्हणजे कुठून आलात भाऊ, बसा, पाणी प्या. शेवटच्या वेळी गेलो तेव्हा पाइप जोडून होईपर्यंत त्यांनी मला कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला, वर भुईमुगाच्या ओल्या शेंगा पिशवीत बांधल्या. तुम्हा दोघांना अडचण आली तर या भागात कुठलंही दार वाजवा. दिवसाउजेडी त्या रस्त्याने बायका-माणसं शेतातून येत-जात असतात. फक्त संध्याकाळी गुरं परततात, तेव्हा रस्ता त्यांचा असतो, वेग कमी ठेवा.

कन्नडकर

ताई, मी वरच्या अंगाची, कन्नडची. ठिबकवाल्या दादांनी सगळं नीट लिहिलंय, दोन गोष्टी जोडते.

एक, रविवार टाळाच. पावसाळ्यात रविवारी घाटात आणि गौताळ्यात दोन्ही जिल्ह्यांतून पोरं येतात, धबधब्यांपाशी रस्त्यातच गाड्या लावतात. तुम्हाला जे पाहायचंय ते मंगळवारी-बुधवारी मिळेल. शाळेची रजा टाकावी लागली तरी टाका.

दुसरं पितळखोऱ्याबद्दल. अप्पांना नेऊ नका हे खरं, पण तुम्ही स्वतः नक्की या. चैत्यगृहातल्या खांबांवर अजून रंगीत चित्रं आहेत. शेजारच्या विहाराच्या जोत्यावर हत्तींची ओळ कोरलेली आहे. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की डोंगरातून झिरपणारं पाणी बाहेर काढायला त्या कारागिरांनी दगडातच पन्हळी खोदल्या आहेत. इथला एक यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे, कण्हदास, पेशाने सोनार. सोनाराने दगड कोरला आणि नाव ठेवून गेला. मुलींना घेऊन येणार असाल तर पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी या, नाल्याला पाणी जास्त असलं की पलीकडे जाणं बरं नसतं.

गौताळ्यात शिरल्यावर अंतूर किल्ल्याकडे फाटा फुटतो. तुम्ही तिकडे वळू नका, वेळ पुरणार नाही. अप्पांना रस्त्यांचं वेड असेल तर एवढं सांगा की किल्ल्याच्या वाटेवर निजामशाहीतला मैलाचा दगड आहे. चारही बाजूंना फारसीत कोणती वाट कुठे जाते ते कोरलेलं : दौलताबाद, बुऱ्हाणपूर, अहमदनगर, आणि आपलं चाळीसगावसुद्धा.

जेवणाचं म्हणाल तर कन्नडमध्ये पिठलं-भाकरी साध्या खानावळीतही चांगली मिळते. अप्पांना तिखट चालत असेलच.

गिरणाथडी

ताई, दादा, दोघांचे आभार. चाळीसगावचं नाव त्या दगडावर आहे हे अप्पांना सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "अंतर किती लिहिलंय?" कंडक्टर माणूस.

तर ठरलं ते असं. पोळ्यानंतरच्या आठवड्यातला बुधवार, रजा टाकली आहे. पाटणादेवी, कन्नड घाट, गौताळा, नागद, कजगाव. पितळखोरा ऑक्टोबरात, मी आणि शाळेतल्या दोघी. गाडी शनिवारी मेकॅनिककडे देते आहे, चेन आणि लायनर बघायला.

एकच शंका राहिली. त्या दिवशी सकाळी पाऊस नसेल पण आभाळ भरलेलं असेल, तर निघू की नको?

ठिबकवाला_चाळीसगाव

नुसतं आभाळ असेल तर निघा, ढग घाटमाथ्यावर उतरलेले असले तर तो रस्ता फार सुंदर दिसतो. फक्त हेडलाइट चालू ठेवा आणि दोघांचे रेनकोट वरच ठेवा, डिकीच्या तळाशी नको. चाळीसगावला पोहोचल्यावर पेट्रोल पंपावर विचारा, घाटातून आलेला कोणी ना कोणी तिथे असतोच, तो वरची परिस्थिती सांगेल. वर जोराचा पाऊस आहे असं कळलं तर पाटणादेवी करून, जेवून परत फिरा आणि घाट पुढच्या बुधवारी करा.

त्या दिवशी मी बहुतेक बोढऱ्याकडे कामावर असेन. इथे संदेश टाकून ठेवलात तर रस्त्याला येऊन अप्पांना भेटतो. त्यांच्या गाडीने मी लहानपणी औरंगाबादला गेलेला असणार.